विनंती थांबा

३ फेब्रुवारी

टिल्ल्या,

वर 'प्रिय' नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. विसरले नाही, गाळलं. ज्या भावाने सहा वर्षांत एक फोन केला नाही, नंबर बदलला तो कळवला नाही, त्याला प्रिय म्हणायला माझा हात वळत नाही. वर्षातून एक पोस्टकार्ड टाकतोस. पुढे डोंगर, मागे पत्ता आणि सह्या. मजकूर शून्य. पहिल्या वर्षी दोन सह्या होत्या, तुझी आणि तुझ्या बायकोची. तिसऱ्या वर्षी त्यांच्याखाली एक जांभळी रेघोटी आली. ती तिसरी सही आहे हे कळायला मला आठवडा लागला. मी आत्या झाले ते एका रेघोटीवरून. मुलाची की मुलीची, तेही माहीत नाही. शाब्बास.

समेट करायला लिहीत नाहीये. बाबांमुळे लिहितेय. बाबांना तुमच्या देशात यायचंय.

हो, बाबांनाच. चौतीस वर्षं बसडेपोत बसून ज्यांनी दुसऱ्यांच्या प्रवासाची वेळापत्रकं केली आणि स्वतः डेपोपासून घरापर्यंत चालत आले, ते बाबा. आईने जन्मभर 'एकदा कुठेतरी जाऊ या हो' म्हटलं तेव्हा 'गर्दीचा हंगाम आहे' म्हणणारे. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांना विमानात बसून, नकाशात बोटाखाली झाकला जाईल एवढ्याशा देशात यायचंय.

सगळं तुझ्या यंदाच्या कार्डामुळे झालं. आधीची कार्डं ते बघून न बघितल्यासारखी करायचे आणि फ्रीजवर मी लावायची. यंदाच्या कार्डावर बस आहे. छोटी पिवळी, डोंगराच्या वळणावर, खाली दरी. ती घेऊन तीन दिवस ते भिंगाखाली बसले होते.

"एवढ्या वळणावर बघ केवढी जागा राखून आहे," मला म्हणाले. "यांचं वेळापत्रक बघायला पाहिजे."

"मागवू या की मग."

"वेळापत्रक कागदावर बघत नाहीत. गाडीत बसून बघतात."

"आणि टिल्ल्या?"

"त्याचा काय संबंध?"

असं आहे. ते बस बघायला येताहेत. त्यांना एकट्यांना सोडता येत नाही, म्हणून मीही येतेय. आमच्या ह्यांना विचारलं तर नेहमीसारखे 'बघू' म्हणाले. सकाळी सात ते दोन लॅबमध्ये लोकांच्या शिरा शोधायच्या आणि दोननंतर बाबांचा हा उद्योग. माझ्या डोक्याला कमी ताप होता का?

तुझा पत्ता कार्डावरून एकेक अक्षर बघून उतरवलाय. त्यांच्या डोक्यावर काय काय टोप्या असतात रे! पोचलं तर कळव.

ताई


१४ फेब्रुवारी

टिल्ल्या,

आज बाबांना घेऊन ट्रॅव्हलवाल्याकडे गेले होते. मी त्याचं नाव काळजीनको ठेवलंय, कारण दर वाक्याला त्याचं शेपूट तेच. त्याने आम्हाला चारची वेळ दिली होती. बाबा साडेतीनला जाऊन काचेच्या दारासमोरच्या खुर्चीत बसले, घड्याळ मांडीवर. हा आला पावणेपाचला, जिना चढून धापा टाकत.

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी आपली पाण्याची बाटली त्याच्यापुढे सरकवली. "आधी पाणी प्या. मग सांगा उशीर का झाला."

आठवतं का रे? डेपोच्या केबिनमध्ये दाराशीच पाण्याचं पिंप असायचं. उशिरा आलेला ड्रायव्हर आत शिरला की बाबा मान वर न करता पिंपाकडे बोट दाखवायचे. आधी पाणी, मग कारण, मग वहीत नोंद. शाळा सुटल्यावर आपण त्या बाकावर बसून कारणं ऐकायचो. म्हैस आडवी आली, टायर बसला, पूल बंद होता. तू घरी येऊन त्यांच्या नकला करायचास.

तर काळजीनकोला पाणी मिळालं. असो.

मग तो सुरू झाला. "काका, तो देश कोणी मागतच नाही हो. शेजारचा घ्या. आठ दिवस, सात मुक्काम, बर्फ शंभर टक्के. काळजी नको."

"बर्फ आमच्या फ्रीजमध्ये आहे," बाबा म्हणाले.

"बरं, मग समुद्र?"

"त्या देशाला समुद्र नाही."

"बघा!" त्याने माझ्याकडे वळून हात पसरले. "समुद्रसुद्धा नाही!"

अर्धा तास तो शेजारचा देश विकत होता आणि बाबा तुमचाच मागत होते. शेवटी कंटाळून त्याने तिकिटं काढून दाखवली. दोन विमानं, मधे पन्नास मिनिटं. बाबांनी चष्मा काढला. "उतरायला पंचवीस. चालायला वीस. पाच मिनिटांत तपासणी. ही जोड बसवली कोणी? त्याला माझ्याकडे पाठवा." त्या माणसाने सहा वेळा पडद्यावर खाटखूट केलं आणि तीन तासांची जोड काढून दिली. आम्ही निघालो तेव्हा तो स्वतःच कपाळ चोळत होता.

मुद्द्याचं सांगते. व्हिसासाठी तुझं आमंत्रणपत्र असेल तर काम लवकर होतं. एक पान. 'माझे वडील आणि बहीण येत आहेत' आणि खाली सही. सही तुला येते, दर वर्षी करतोस.

ताई


६ मार्च

टिल्ल्या,

तुझं काही आलेलं नाही. मीही वाट बघत नव्हते. (टपालपेटी दोनदा उघडते ती लाइटबिलासाठी.)

बाबांनी सहलीचं वेळापत्रक केलंय. चौदा पानं. उजव्या कोपऱ्यात 'मसुदा पहिला'. काय नाही त्यात? उठण्याची वेळ, दाढीची वेळ, 'कन्येच्या आवरण्यास राखीव वेळ, मिनिटे ४०'. मी विचारलं, चाळीस कशाला? तर म्हणे, अनुभव. तळं आहे, किल्ला आहे, रोपवे आहे. रोपवेशेजारी भिंगाने वाचावं एवढ्या बारीक अक्षरात 'तारांची देखभाल कोण करते ते बघणे'. तारांची देखभाल तू करतोस हे इंटरनेटवर तुझा फोटो बघून मीच त्यांना सांगितलं होतं, चार वर्षांपूर्वी. तेव्हा त्यांनी फक्त टीव्हीचा आवाज वाढवला होता.

चौथ्या दिवशी त्यांची पिवळी बस आहे. स्टेशनपासून खिंडीपर्यंत, एकोणीस थांबे. मी नकाशा काढून बघितलं. ती बस तुझ्या गावातून जाते. आणि बाबांच्या कागदावर तुझ्या गावापुढे येण्याच्या आणि सुटण्याच्या, दोन्ही रकान्यांत आडवी रेघ. म्हणजे गाडी थांबणार नाही.

"बाबा, हे काय?"

"जलद फेरी आहे."

"एवढ्याशा डोंगरात कसली जलद फेरी? सगळीकडे थांबते ती."

"आपण नाही उतरणार. उतरायला काम लागतं."

माझी सटकली. म्हटलं, सात समुद्र ओलांडून पोराच्या दारावरून जायचं आणि खिडकीतून बघायचं, ही कसली तऱ्हा? त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं. इकडून हे, तिकडून तू. खाण तशी माती. मधे मी, तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

त्या दिवशी त्यांनी तुला काय म्हटलं ते मी पाठीमागून ऐकलं होतं. तू दारात उभा, बॅग अजून खांद्यावर, आई जाऊन दोन दिवस झालेले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "उशीर झाला." एवढंच. मी आत पाणी आणायला गेले होते. बाहेर आले तर दार बंद, जिन्यात तुझी पावलं, आणि माझ्या हातात भरलेला पेला. मी धावत खाली यायला हवं होतं का? कदाचित. घर माणसांनी भरलं होतं, बाबा भिंतीला टेकून बसले होते, मी एकटी कुठे कुठे बघणार होते? मला त्या वेळी जे वाटलं ते मी केलं. आधीही जे वाटलं तेच सांगितलं होतं.

आमंत्रणपत्राचं बघ.

ताई


२४ मार्च

टिल्ल्या,

जिवंत आहेस का? तेवढं तरी कळव. सही नको, रेघोटी चालेल.

बाबांच्या पासपोर्टच्या फोटोसाठी तीनदा स्टुडिओत गेले. पहिल्यात डोळे मिटलेले, दुसऱ्यात रागावलेले, तिसऱ्यात फोटोवाला म्हणाला, "आजोबा, जरा नॉर्मल." बाबा म्हणाले, "हे नॉर्मलच आहे." तो फोटो लागलाय. कोणताही देश ह्या चेहऱ्याला का आत घेईल, मला कळत नाही.

विम्यासाठी डॉक्टरांचा दाखला हवा होता. बाबांचं रक्त मीच काढलं. सुई आत असताना म्हणतात, "रिपोर्ट डॉक्टरांनाच वाचू दे हं." सहज म्हणाले असतील. बाटलीवरची चिठ्ठी मी दोनदा उलटी लावली.

तुझं आमंत्रण येत नाही, म्हणून काळजीनकोने हॉटेलचं बुकिंग लावलंय. स्वतःचा भाऊ असलेल्या देशात आम्ही हॉटेलात राहणार आहोत. वाचून कसं वाटतं?

ताई


९ एप्रिल

टिल्ल्या,

तुझं पाकीट आलं.

आधी भांडून घेते. चार पत्रं लिहिली मी. चार! त्याचं उत्तर म्हणून तू बसचं वेळापत्रक पाठवतोस? पाकीट मी दोनदा झटकलं, आत चिठ्ठी असेल म्हणून. उलटं धरलं, उजेडाला लावलं. काही नाही. एक वीतभर पुस्तिका, वर पिवळी बस, आणि बसखाली जांभळ्या खडूने कोणीतरी पाच चाकं काढलेली.

बाबांना दाखवलं. ते चाकं बघत राहिले. "पाच का?" मी म्हटलं. "स्टेपनी धरून बरोबर आहे," म्हणाले, आणि खुर्ची खिडकीशी ओढली.

टिल्ल्या, तो माणूस जेवला नाही. एक ओळ वाचता येत नसताना अख्खी पुस्तिका वाचून काढली. आकडे वाचता येतात ना, त्यांना तेवढे बस. मधेच 'वा' म्हणायचे. मधेच 'हे चूक आहे', म्हणून पेन्सिलीने खूण करायचे. तुमच्या स्टेशनवरची सकाळची जोड चार मिनिटांची आहे म्हणे, हिवाळ्यात चुकत असणार, सात हवीत. ही माहिती त्यांनी मला तुझ्या बसखात्याला कळवायला सांगितली आहे. मी कळवणार नाही. तूच बघ.

मग ते एका पानावर थांबले. त्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. पुस्तिका कोरी, पण घडी मुद्दाम नख फिरवून घातलेली. तुझ्या गावाच्या नावापुढे एक इवलासा हात छापलाय, पंजा वर केलेला. मी फोन काढून भाषांतरासाठी तळटीप टाइप करायला लागले, त्या टोप्यांसकट. बाबा म्हणाले, "राहू दे. विनंती थांबा आहे."

"म्हणजे?"

"कोणी हात केला तर थांबते. आतून कोणी घंटा मारली तर थांबते. नाहीतर जाते पुढे."

फोननेही तेच सांगितलं, पण दहा मिनिटांनी.

संध्याकाळी बघितलं तर मसुदा दुसरा तयार होता. तुझ्या गावापुढची आडवी रेघ खोडून तिथे त्यांनी लिहिलंय, '१०.४२, विनंती'. मी म्हटलं, "चला, म्हणजे उतरायचं ठरलं. घंटा मी मारते."

"कोणीही मारायची नाही," बाबा म्हणाले. "थांबवायची की नाही ते थांब्यावरच्या माणसाने ठरवायचं. मी त्याच्या दारात जबरदस्तीने गाडी उभी करणार नाही."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय?

ताई


१७ एप्रिल

टिल्ल्या,

हे पत्र मी दोनदा फाडलंय. आता जे येईल ते पाठवणार आहे, मागे वळून वाचणार नाही.

तू पाठवलेल्या पुस्तिकेने एक झालं. बाबा आता तुझ्याबद्दल बोलतात. तुझं नाव घेत नाहीत, 'थांब्यावरचा माणूस' म्हणतात. काल म्हणाले, "सोमवारी निरोप मिळाला आणि शुक्रवारी आला. दोन दिवसांचा रस्ता. मधले दोन दिवस तो काय करत होता, एवढंच मला कळलं नाही." मी भाजी चिरत होते. चिरत राहिले.

तू काय करत होतास ते मला माहीत आहे. माझं ऐकत होतास.

सोमवारी मी तुला फोन केला. शब्दन् शब्द आठवतो. "आईचा रिपोर्ट मी स्वतः बघितलाय. आकडे खाली आलेत. धावत येऊ नकोस, महिनाअखेरीला ये, चार दिवस जास्त राहता येईल." तू विचारलंस, "नक्की ना ताई?" आणि मी म्हणाले, "रोज शंभर रिपोर्ट माझ्या हाताखालून जातात, मला शिकवतोस?" डॉक्टरांना मी विचारलंही नव्हतं. एक आकडा उतरला म्हणून मी हुरळले, बाकीचे काय सांगत होते ते बघितलं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. बुधवारी दुपारी आई गेली.

आणि तू दारात उभा राहून ते 'उशीर झाला' ऐकलंस आणि 'ताईने थांबायला सांगितलं होतं' हे चार शब्द बोलला नाहीस. का रे? मला वाचवायला? कोणी सांगितलं होतं तुला वाचवायला? तुझ्या त्या मोठेपणाचा मला इतका राग येतो ना! तू गेलास तुझ्या डोंगरात, मी राहिले त्याच घरात, त्याच ओट्याशी, आणि रोज बाबांना वाढताना गप्प. बोलला असतास तर एक दिवस रडारड झाली असती, मला चार शिव्या मिळाल्या असत्या, आणि तू जेवून गेला असतास. तुझी चूक नव्हती. माझी होती. आणि मी सहा वर्षं तुलाच दोष देत बसले, फोन करत नाही म्हणून.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. रोज ठरवते. रोज ते काहीतरी असं बोलतात की राग येतो आणि राहून जातं. भित्री आहे मी, दुसरं काही नाही.

ताई


३ मे

टिल्ल्या,

सांगितलं. कुठे, तर वकिलातीच्या हॉलमध्ये, टोकन नंबर एकसष्ट हातात धरून. माणूस चांगली जागा निवडतो, मी ही निवडली.

झालं असं. बाबांचा अर्ज बाबांनीच भरायचा होता, दुसऱ्याचं अक्षर त्यांना चालत नाही. सगळे रकाने सुबक. फक्त नवव्या रकान्याशी ते अडले. 'या देशात आपले कोणी नातेवाईक राहतात का?' काळजीनको बाजूला बसून फोनवर कोणाला तरी काळजी नको सांगत होता. तो वाकून म्हणाला, "काका, 'नाही' लिहा ना, फाटे फुटत नाहीत."

"खोटं लिहायचं?" बाबा म्हणाले.

"मग 'हो' लिहा."

"तेही खरं आहे की नाही, मला माहीत नाही."

पंचावन्न, छप्पन्न, सत्तावन्न. बाबा पेन टेकवून बसलेले. चौतीस वर्षांत ह्या माणसाने एक रकाना कोरा सोडला नव्हता. कोरा रकाना म्हणजे रस्त्यात उभी राहिलेली गाडी, असं म्हणायचे. 

म्हटलं, "बाबा, 'हो' लिहा. तो उशिरा आला तो माझ्यामुळे. मी त्याला येऊ नको म्हटलं होतं. रिपोर्ट मी चुकीचा वाचला. सोमवारी फोनवर मीच म्हटलं, घाई करू नकोस."

मोठ्याने बोलले असणार, कारण समोरच्या बाकावरच्या बाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या आणि काळजीनको फोनवर एकदम म्हणाला, "नंतर करतो."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता घड्याळ बघतील. एकोणसाठ, साठ. मग त्यांनी खाली मान घातली आणि लिहिलं, 'हो'. 'नाते' मध्ये लिहिलं, 'मुलगा'. आणि पुढे तुझा पत्ता. टिल्ल्या, समोर कार्ड नव्हतं, पाकीट नव्हतं. सगळा पत्ता पाठ होता त्यांना. घर क्रमांक, टपालाचा आकडा, आणि प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरची टोपी जिथल्या तिथे. तो मी सहा पत्रांवर लिहिलाय आणि मला अजून बघावा लागतो.

एकसष्ट नंबर लागला. काचेपलीकडच्या बाईंनी विचारलं, "मुलाला भेटायला जाताय का?" बाबा म्हणाले, "बस बघायला." मग म्हणाले, "आणि मुलाला." बाईंनी शिक्का मारला.

घरी येताना मी खिडकीबाहेर बघत शिव्यांची वाट बघत होते. बाबा जिना चढले, कुलूप काढलं, स्वयंपाकघरात गेले आणि पेला भरून आणला. मला वाटलं त्यांना तहान लागलीय. तो माझ्या हातात दिला.

"आधी पाणी पी," म्हणाले.

मग मी कारण सांगितलं. सगळं, सोमवारपासून. ऐकून घेतलं त्यांनी. रागावले, नाही असं नाही. "रिपोर्ट वाचायचं काम तुझं नव्हतं," म्हणाले, आणि ते मी आयुष्यभर ऐकत राहणार आहे. पण मग म्हणाले, "तुझी चूक एक. माझी मोठी. चौतीस वर्षांत उशिरा आलेल्या एका ड्रायव्हरला मी दारातून परत पाठवलं नाही. दारूडे होते, खोटारडे होते, सगळ्यांना पाणी दिलं. पोराला दिलं नाही. कारणसुद्धा विचारलं नाही."

आणि आत जाऊन पडले. मी पेला धुतला, पुसला आणि पुन्हा धुतला.

ताई


२१ मे

टिल्ल्या,

व्हिसा आला. काळजीनकोने फोन करून सांगितलं आणि स्वतःच रडवेला झाला. म्हणाला, "ताई, आता पुन्हा काकांना घेऊन येऊ नका." मग म्हणाला, "म्हणजे या, पण वेळ घेऊन या."

पत्र पोचायला सतरा दिवस लागतात, हे मी आता शिकले आहे. म्हणजे हे तुला ७ जूनपर्यंत मिळेल. आम्ही ११ जूनला निघतोय, १४ जूनला सकाळी पिवळ्या बसमध्ये असू. उशिरा मिळालं असं म्हणू नकोस. तेवढा राखीव वेळ बाबांनी धरलाय.

वेळापत्रकाचा अंतिम मसुदा सोबत जोडतेय. बाबांनी माझ्याकडून तीन प्रती काढून घेतल्या. एक त्यांची, एक माझी, तिसरी कोणाची ते बोलले नाहीत. ती ही. नीट बघ. तळं काढून टाकलंय. किल्ला काढून टाकलाय. मी म्हटलं, "बाबा, तळं तरी राहू द्या." तर म्हणे, "पाणी कुठेही बघता येतं." चौथ्या दिवसाचं पान बघ. तुझं गाव, येण्याची वेळ १०.४२. शेजारी सुटण्याच्या वेळेचा रकाना. बघितलास?

कोरा आहे. मला वाटलं विसरले. विचारलं तर म्हणाले, "ते माझ्या हातात नाही. थांब्यावरच्या माणसाने भरायचं."

बसमध्ये ते उजव्या खिडकीशी बसणार आहेत. नकाशावरून, पुस्तिकेवरून आणि कार्डावरच्या त्या वळणावरून त्यांनी हिशेब मांडलाय की थांबा उजवीकडे येतो. त्यांचा तपकिरी स्वेटर असेल. आईने विणलेला, कोपराला विरलेला. नवीन घेऊ म्हटलं तर ऐकत नाहीत. मी शेजारी असेन आणि माझा हात घंटेजवळ असेल, हे त्यांना माहीत नाही. त्यांनी बजावलंय की घंटा मारायची नाही. मी 'हो' म्हणालेय. त्या 'हो'चा काही भरवसा नाही, तुला माहीत आहे. तू हात केला नाहीस तर मी घंटा मारणार, गाडी थांबवणार, खाली उतरणार आणि तुझ्या बायकोसमोर, त्या पाच चाकं काढणाऱ्या पोरासमोर तुझा कान धरणार. मग तुझी उंची सहा फूट असो की काय असो.

पण तू हात कर. माझ्यासाठी नको करू, माझ्यावर रागाव, मला हॉटेलात पाठव, मी जाईन. त्यांच्यासाठी कर. ते आता जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतात आणि विचारलं तर म्हणतात, राखीव वेळ.

आणि १०.४२ म्हणजे १०.४२. घाटात गाडीला पाच-दहा मिनिटं लागली तर निघून जाऊ नकोस.

येताना भरलेला पेला घेऊन ये. बाटली चालेल. बाबा सहा वर्षं उशिरा येताहेत. डेपोचा नियम तुला पाठ आहे. दारातून परत पाठवायचं नाही. आधी पाणी दे, कारण मग विचार.

प्रिय टिल्ल्या,
तुझी ताई